आठवीच्या वर्गातली मते कुठून येतात : शिक्षक-पालकांसाठी एक मार्गदर्शिका

आठवीच्या वर्गात उभे राहून “मुलगा आणि मुलगी समान आहेत, असे कोणाकोणाला वाटते?” असे विचारले की सगळे हात वर जातात. त्याच दुपारी शाळेत केंद्रप्रमुख आले, तर चहाचा ट्रे घेऊन दोन मुली कार्यालयात जातात, खुर्च्या आणायला चार मुलगे धावतात आणि कप विसळायला पुन्हा त्या दोन मुलीच नळावर दिसतात. कोणी कोणाला काही सांगितलेले नसते. वर्गातला वर गेलेला हात हे मुलांचे उत्तर असते. मत पाहायचे असेल तर नळावर जावे लागते.

ही मार्गदर्शिका मुख्यतः सातवी ते नववीच्या वर्गशिक्षकांसाठी आहे, पण पालकांनाही तिच्यातला बराच भाग घरी करून पाहता येईल. समानता असो वा विषमता, या वयातली मुले ती घरातल्या आणि शाळेतल्या कामांच्या व परवानग्यांच्या वाटणीतून उचलतात. भाषणांचा वाटा त्यात फार थोडा. म्हणून आधी ती वाटणी मुलांना डोळ्यांनी दिसली पाहिजे आणि मग ती थोडी तरी हलली पाहिजे. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने लिहिले आहेत.

हेच वय का

दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत बहीण-भाऊ एकाच गल्लीत लगोरी खेळतात. बाराव्या-तेराव्या वर्षी वाटा फुटतात. मुलीला पाळी येते आणि त्या चार दिवसांत ‘कावळा शिवला’ म्हणून तिने कुठे बसायचे, कशाला हात लावायचा हे ठरते. त्यापाठोपाठ कपडे, घरी यायची वेळ, मैदान आणि हसण्याचा आवाजही ठरतो. साधारण त्याच सुमारास तिच्या भावाला सायकल मिळते, चौकात उभे राहायची मुभा मिळते आणि रडायची मुभा मात्र जाते. दिल्लीसह 15 देशांतल्या 10 ते 14 वर्षांच्या मुलामुलींशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून झालेले एक संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात देश, धर्म आणि श्रीमंती कितीही वेगळी असली तरी सांगितली जाणारी गोष्ट बहुतेक ठिकाणी एकच निघाली: मुलीचे शरीर म्हणजे जोखीम, म्हणून तिला आवरा, मुलगा बळकट, म्हणून त्याला मोकळा सोडा. आपल्याकडे ‘परक्याचे धन’ आणि ‘वंशाचा दिवा’ या दोन शब्दप्रयोगांत हीच गोष्ट केव्हाची मावलेली आहे.

दहावीच्या वर्षात मुलांना वेळ नसतो आणि पाचवीत हे प्रश्न अजून पुरते उभे राहिलेले नसतात. त्यामुळे सातवीच्या दुसऱ्या सत्रात सुरुवात करून नववीपर्यंत काम चालू ठेवणे सोयीचे पडते.

पहिले काम: दिवसाचा तक्ता

सोमवारच्या एखाद्या तासिकेला प्रत्येकाला एक कोरा कागद द्यावा आणि त्यावर चोवीस चौकोन आखायला सांगावेत. काल, म्हणजे रविवारी, पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणत्या तासाला आपण काय केले, ते प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहायचे. नाव लिहायचे नाही, कोपऱ्यात फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. रविवार घेण्याचे कारण उघड आहे: त्या दिवशी शाळेची सबब नसते. तक्ता कशासाठी आहे हे आधी सांगू नये आणि ‘घरकाम’ हा शब्द तर अजिबात उच्चारू नये, कारण तो उच्चारला की मुलगे कामे आठवून आठवून भरू लागतात.

कागद गोळा झाले की आधी तास मोजू नयेत, क्रियापदे पाहावीत. मी हा तक्ता अनेक तुकड्यांत करून घेतला आहे आणि एक गोष्ट दर वेळी आढळली. मुलगी लिहिते, ‘भांडी घासली’, ‘दळण आणले’, ‘भाकरी थापल्या’. मुलगा लिहितो, ‘आईला मदत केली’. काम कदाचित दोघांनीही तेवढेच केलेले असते, पण मुलाच्या लेखी ते आईचे काम असून त्याने तिच्यावर उपकार केलेला असतो. मुलीच्या लेखी ते तिचेच असते, म्हणून तिथे ‘मदत’ हा शब्द येत नाही. एका मुलीने दुपारच्या तीन चौकोनांत ‘अभ्यास केला’ असे लिहिले होते. त्या वेळी आणखी काय चालू होते, असे मी सगळ्या वर्गाला विचारून कागद परत दिले, तेव्हा तिने त्याच चौकोनांत बारीक अक्षरात भर घातली: धाकट्याला झोळीत झोपवले, दोन वेळा गॅस बंद केला, वाळवण उचलले. म्हणून तक्ता पहिल्यांदा भरून झाला की ‘त्या वेळी दुसरे काय चालू होते?’ हा प्रश्न सर्वांना विचारून दुसरी फेरी जरूर घ्यावी.

त्यानंतर आकड्यांकडे वळावे, आणि शक्य असेल तर ही तासिका गणिताच्या शिक्षकांकडे द्यावी. वर्गाची सरासरी मुलांनीच काढायची आणि तिच्या शेजारी देशाचे आकडे लिहायचे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, सहा वर्षे व त्यापुढच्या वयाच्या व्यक्तींपैकी घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 81.2 टक्के आणि पुरुषांचे 26.1 टक्के होते. जे पुरुष ही कामे करत होते, ते दिवसाला सरासरी 97 मिनिटे देत होते आणि स्त्रिया 299 मिनिटे. दोहोंमधला फरक 202 मिनिटांचा, म्हणजे 35 मिनिटांच्या जवळपास पावणेसहा तासिका. फळ्यावर हा भागाकार झाला की वर्ग गप्प होतो. त्या वेळी शिक्षकानेही गप्प राहावे, कारण निष्कर्ष शिक्षकाने सांगितला तर तो शिक्षकाचा होतो.

दुसरा तक्ता परवानग्यांचा. किराणा दुकान, मित्राचे किंवा मैत्रिणीचे घर, मैदान, तालुक्याचे गाव, यात्रा, घरातला मोबाइल ही नावे एकाखाली एक लिहायची आणि समोर तीन रकाने ठेवायचे: ‘न विचारता’, ‘विचारून’ आणि ‘विचारूनही नाही’. एसटीचा मोफत पास हाती असलेली मुलगी शाळेपर्यंत ‘न विचारता’ जाते, पण त्याच बसने दोन थांबे पुढच्या वाचनालयात ‘विचारूनही नाही’. असे काही रकाने भरले की पास आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

अर्धी वाक्ये

तक्ता सवयी दाखवतो, मते काढायला दुसरी रीत लागते. ‘स्त्री-पुरुष समानतेबद्दल तुमचे मत लिहा’ असे सांगितले, तर निबंधाच्या वहीतले उतारे येतात. त्याऐवजी अर्धी वाक्ये द्यावीत: ‘मुलगा सगळ्यांसमोर रडला तर…’, ‘घरात एकाचेच शिक्षण परवडत असेल तर…’, ‘बायकोने उलट उत्तर दिले तर नवऱ्याने…’, ‘बहीण उशिरा घरी आली तर भावाने…’. पुरी केलेली वाक्ये बिननावी चिठ्ठीवर घेऊन डब्यात टाकायची. शिक्षकाला आवडेल ते लिहिण्याची ओढ या वयात मोठी असते; हरियाणातल्या ज्या अभ्यासाचा उल्लेख पुढे येतो, त्यातल्या संशोधकांनी तर ही ओढ प्रश्नावली लावून वेगळी मोजली होती, जेणेकरून बदललेले मत आणि नुसते गोड उत्तर यांची गल्लत होऊ नये. आपल्याकडे तेवढी साधने नसतात, पण बिननावी चिठ्ठी आणि कुलूपबंद डबा एवढे तर करता येते.

तिसऱ्या वाक्याच्या चिठ्ठ्या वाचताना मनाची तयारी ठेवावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21), विचारलेल्या सात कारणांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे मानणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे 45 टक्के होत्या आणि पुरुष सुमारे 44 टक्के. म्हणजे ‘मारावे’ ही चिठ्ठी मुलीच्या अक्षरातली असू शकते. ती वाचून दाखवून लाज आणू नये आणि अक्षर ओळखण्याचा प्रयत्नही करू नये. ती चिठ्ठी तिच्या घरातून आली आहे, आणि आता आपल्याला जायचे आहे तेही तिकडेच.

घर

हरियाणातल्या सोनीपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर या चार जिल्ह्यांतल्या 314 सरकारी शाळांमध्ये सातवी-आठवीच्या सुमारे 14,000 विद्यार्थ्यांना घेऊन, वर्गातल्या सत्रांच्या कार्यक्रमाने समानतेविषयीची मते बदलतात का हे पाहणारा हा मोठा अभ्यास झाला. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी संशोधकांनी मुलांची आणि त्यांच्या आई-वडिलांची मते ताडून पाहिली. भेदभावाचे मत पालकाचे असेल तर मुलाचेही तेच असण्याची शक्यता शंभरामागे सुमारे 11 ने जास्त निघाली, आणि त्यात वडिलांपेक्षा आईच्या मताचे वजन अधिक होते.

हा निष्कर्ष ऐकला की अनेक शिक्षक मान डोलावून म्हणतात, ‘बघा, बाईच बाईची वैरीण.’ ती म्हण आधी बाजूला ठेवावी. घरातले नियम बहुधा आईने केलेले नसतात. ते पाळून घेण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर असते. मुलगी सात वाजता घरी आली तर जाब आईला विचारला जातो. मुलगे आणि मुली दोघेही दिवसभर तिच्याच सहवासात असतात, म्हणून नियम तिच्या आवाजात त्यांच्या कानी पडतो. एका पालकसभेत मी मुलालाही भांडी घासायला लावा असे सांगत होतो, तेव्हा मागे बसलेल्या बाई उठून म्हणाल्या, “गुरुजी, पोराच्या हातात भांडं दिसलं की सासूबाई मलाच बोलतात.” त्यानंतर मी पालकसभेचे निमंत्रण आजीच्या नावानेही पाठवू लागलो.

घरातल्या वाटणीत कामांच्या पलीकडे एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे जमीन आणि घर. महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींसह पुढच्या सर्व मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. देशभर तशी दुरुस्ती 2005 मध्ये झाली आणि तीत लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क मिळाला. कायदा असा असूनही मुलांच्या डोळ्यांसमोर घडते ते वेगळे. आजोबा जातात, काही महिन्यांनी आत्या माहेरी येते, सगळे मिळून तालुक्याला जातात, आत्या हक्कसोडपत्रावर सही करते आणि संध्याकाळी तिची साडी-चोळीने ओटी भरून तिला निरोप दिला जातो. कोणी भांडलेले नसते, उलट सगळे गहिवरलेले असतात. तेरा वर्षांची मुलगी त्या दिवशी जे शिकते, ते पुसायला नागरिकशास्त्राचा एक धडा पुरत नाही. त्यामुळे वर्गात सातबारा उतारा वाचायला शिकवावा. मुलांना घरचा उतारा आणायला मात्र सांगू नये. त्यातून भाऊबंदकीचे वाद वर्गात येतात आणि ज्यांच्या घरी जमीनच नाही ती मुले अवघडतात. एक नमुना उतारा घ्यावा, त्यात नावे कोणाची आहेत, कोणाची नाहीत आणि का, एवढेच विचारावे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायला लावले होते, ही हकिगत याच तासिकेला सांगावी, कारण ‘असे कोण करते?’ या प्रश्नाला तिच्यात उत्तर आहे.

पालकसभा कशी घ्यावी

शाळेच्या वेळेत बोलावलेल्या पालकसभेला आया येतात. वडील हवे असतील तर गावच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी सभा ठेवावी आणि पत्र त्यांच्या नावाने पाठवावे. विषयपत्रिकेत ‘लिंगभाव समानता’ लिहिल्यास निम्मे लोक येत नाहीत, असा माझा अनुभव आहे. ‘मुलांचा दिनक्रम आणि अभ्यास’ असे लिहिले तरी ते खरेच असते. सभेत वडिलांना तोच चोवीस चौकोनांचा कागद द्यावा, पण त्यांनी तो आपल्या पत्नीच्या दिवसाचा भरायचा. पेन बऱ्याच चौकोनांवर अडते. ती पहाटे चारला उठते की साडेचारला, हे शेजारच्या खुर्चीवरल्या माणसाला विचारून लिहिणारे वडील मी पाहिले आहेत.

सभेच्या शेवटी एकच मागणी करावी, आणि ती महिनाभर पाळता येईल अशी लहान असावी. जेवण झाल्यावर घरातल्या प्रत्येक पुरुषाने आपले ताट आपण उचलून विसळायचे, एवढे पुरे. दहा मागण्या केल्या तर एकही पाळली जात नाही. ताटाचे मात्र मुलेच लक्षात ठेवतात आणि वडिलांनी चुकवले की दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर येऊन सांगतात.

मुलग्यांचा घोळका

घरानंतर या वयात सर्वात मोठे वजन मित्रांचे. एखादा मुलगा रांगोळीला बसला, आवाज चढवला नाही किंवा बहिणीची सायकल धुतली, तर ‘बायल्या’ हा एक शब्द त्याला परत जागेवर आणायला पुरतो. मुलगी स्वातंत्र्य घेते तेव्हा घरचे अडवतात. मुलगा चौकट सोडतो तेव्हा त्याचे मित्र अडवतात. म्हणून मुलग्यांवर काम करायचे तर एकेकट्याला समज देऊन उपयोग नाही, घोळक्यातच काम करावे लागते.

त्यासाठी आधी सहा-सात मुलग्यांचे लहान गट करून बोलावे, मुली नंतर. दोघांना पहिल्याच दिवशी समोरासमोर बसवले की मुलगे चेष्टेचा आधार घेतात आणि मुली गप्प होतात. गटातला पहिला प्रश्न मुलींविषयी नसावा. ‘तुला शेवटचे कधी रडू आले आणि ते कुठे लपवलेस?’ असा प्रश्न विचारावा आणि आधी शिक्षकाने स्वतःचे उत्तर द्यावे. मुलगेपणाचा जाच आपल्यालाही आहे, हे मुलग्यांच्या ध्यानात आल्यावरच मुलींच्या जाचाबद्दल ते ऐकून घेतात. उलट पहिल्या दिवसापासून त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर वर्षभर ते बचावच करत राहतात. पुरुष शिक्षकाने ही सत्रे घेणे चांगले. हा बायकांचा विषय म्हणून मॅडमकडे ढकलला की मुलग्यांनी पहिला धडा तिथेच घेतलेला असतो.

मुंबईत 2008 पासून इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन वुमन, कोरो ही सामाजिक संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी महापालिकेच्या 45 शाळांत सहावी-सातवीच्या मुलांसाठी ‘जेम्स’ नावाचा मुलगा-मुलगी समानतेचा उपक्रम राबवला. काही शाळांत गटचर्चेची सत्रे आणि शाळाभर मोहीम असे दोन्ही झाले, काही शाळांत फक्त मोहीम, आणि काही शाळा तुलनेसाठी ठेवल्या होत्या. नुसत्या फलक-घोषणांच्या मोहिमेपेक्षा सत्रांची जोड मिळालेल्या शाळांत मुलांची मते अधिक बदलली. मारामारी आणि हिंसेची सवय मात्र मतांइतक्या सहज हलली नाही. आपल्या वर्गातही हाच अनुभव येईल, असे धरून चालावे: शब्द आधी बदलतात, हात नंतर.

शाळेची स्वतःची वाटणी

हा भाग शिक्षकांना सर्वात कमी आवडतो. हजेरीपत्रकात मुलग्यांची नावे आधी आणि मुलींची नंतर का? बाक उचलायला मुलगे आणि वर्ग झाडायला मुली, हे कोणी ठरवले? स्नेहसंमेलनात स्वागताला आरती घेऊन फक्त मुलीच का उभ्या राहतात? पावसाळ्यात मैदान अर्धेच कोरडे असते, तेव्हा त्या अर्ध्यावर कोण खेळते? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का आणि वापरलेले पॅड टाकायची सोय आहे का? ही यादी मुलांकडूनच करून घ्यावी. ती आपल्यापेक्षा लांब निघते.

मग कामांचे वेळापत्रक हजेरी क्रमांकाने लावावे. सम-विषम क्रमांक, आठवड्याला पाळी, आणि झाडणे, फळा पुसणे, पाणी भरणे, बाक हलवणे, पाहुण्यांना चहा देणे, कप विसळणे ही सगळी कामे एकाच चक्रात. पहिल्या महिन्यात मुलगे झाडू हातात धरून नाटके करतात आणि मुली “सर, द्या, आम्ही करतो पटकन” म्हणून पुढे येतात. या दुसऱ्या गोष्टीला अधिक ठामपणे नकार द्यावा.

पाठ्यपुस्तकांची मदतही घेता येते. बालभारतीने 2019 मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे, स्त्री डॉक्टर आणि स्त्री वाहतूक पोलीस असल्याचे, पुरुष स्वयंपाकी असल्याचे चित्र दिले. आठवीच्या मुलांना हे दुसरीचे पुस्तक आणि घरात कुठे जुने पुस्तक सापडले तर ते, अशी दोन्ही देऊन चित्रांतली कामे मोजायला सांगावीत. लहान भावंडांचे पुस्तक तपासायला मोठी मुले फार आनंदाने तयार होतात. 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळाशाळांत मुली नऊवारी नेसून भाषणे करतात आणि मुलगे टाळ्या वाजवतात. एखाद्या वर्षी मुलग्यांना जोतीरावांवर बोलायला सांगावे. 1848 मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडण्याआधी त्या माणसाने आपल्या बायकोला शिकवले आणि त्यापायी पुढे बापाचे घर सोडले, हा तपशील मुलग्यांच्या तोंडून आला की वेगळा ऐकू येतो.

गावचा कारभार आणि मोबाइल

मुले आदर्श पुस्तकातून घेतात, त्याहून अधिक पंचायतीच्या ओट्यावरून घेतात. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या 495 गावांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे सरपंचपद लागोपाठ दोन वेळा स्त्रियांसाठी राखीव होते, तिथे 11 ते 15 वर्षांच्या मुलामुलींच्या स्वतःविषयीच्या आकांक्षांमधली दरी सुमारे 32 टक्क्यांनी कमी झाली आणि शिक्षणातली दरी तर उरलीच नाही. मुलींचा घरकामातला वेळही घटला. यात ‘दोन वेळा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, एका पाळीने तेवढे साधले नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमधले स्त्रियांचे आरक्षण 2011 मध्ये 50 टक्के झाले, त्यामुळे जवळपासच्या गावात बाई सरपंच हमखास सापडते. तिला वर्गात बोलवावे, पण दोन अटींवर: तिच्या खुर्चीशेजारी सरपंचपतींची खुर्ची मांडायची नाही, आणि तिने संदेश द्यायचा नाही, एखाद्या पाणीयोजनेची फाइल कशी पुढे सरकली ते सांगायचे.

मोबाइलबद्दल थोडक्यात. तो काढून घेणे जमत नाही आणि तो मुलींकडूनच काढून घेतला जातो. त्यापेक्षा गेल्या आठवड्यात हसवून गेलेल्या पाच रील मुलांना आठवायला सांगून, त्यात हसू कोणावर होते, एवढा एकच प्रश्न विचारावा.

जपण्याच्या गोष्टी

हरियाणातल्या कार्यक्रमात ब्रेकथ्रू या संस्थेने दर तीन आठवड्यांनी 45 मिनिटांचे एक सत्र, असे अडीच वर्षे काम केले. मुलांची मते बदलली आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनी पाहिले तरी तो बदल टिकून होता. वागण्यातला बदल मात्र मुलग्यांत अधिक दिसला, मुलींत कमी. कारण सोपे आहे: ताट उचलायचे की नाही हे मुलाच्या हातात असते, कॉलेजला जायचे की नाही, लग्न कधी करायचे, हे मुलीच्या हातात नसते. म्हणून मुलींना ‘धीट व्हा, नाही म्हणा’ असे शिकवून एकटे घरी पाठवू नये. त्या धीटपणाचा मार तिलाच बसतो. मुलीशी बोलण्याआधी तिच्या भावाशी आणि पालकांशी बोलणे झालेले असावे.

अशी सत्रे सुरू झाली की एखादे मूल घरातल्या किंवा शेजारच्या अत्याचाराबद्दल बोलते. सत्र घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे की ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन मी देऊ शकत नाही. लैंगिक अत्याचाराचा प्रकार कळल्यावर तो पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने (2012) प्रत्येकाला बंधनकारक आहे. शाळेच्या नावाला बट्टा लागेल म्हणून घरच्या घरी मिटवणे हा गुन्हा आहे. शाळेत 2022 च्या शासननिर्णयानुसार सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेकडे पाहणारी समिती, असायला हवी. ती कागदावरच असेल, तर सत्रे सुरू करण्याआधी तिची एक खरी बैठक घ्यावी आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गात लिहून लावावा.

पुन्हा तक्ता

सहा महिन्यांनी पुन्हा एका सोमवारी, आधी न सांगता, तोच चोवीस चौकोनांचा कागद द्यावा. दिवाळीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि सुगीचे दिवस टाळावेत, त्या दिवसांत सगळ्यांचेच चौकोन कामाने भरलेले असतात. या खेपेलाही तासांपेक्षा क्रियापदांकडे पाहावे: ‘मदत केली’ किती ठिकाणी उरले आणि ‘केले’ किती ठिकाणी आले. मुलग्यांच्या कागदावर मिनिटे वाढली असून ‘मदत’ तशीच असेल, तर काम हलले आहे पण मालकी हललेली नाही. पुढचे सत्र त्यावरच घ्यावे. मुलींच्या कागदांत रिकामा चौकोन, म्हणजे ‘काही केले नाही, बसले होते’ असा, एखादा तरी दिसतो का तेही पाहावे. पहिल्या खेपेला तो सहसा दिसत नाही.

दोन्ही वेळचे कागद तारीख घालून एका पाकिटात ठेवावेत आणि मुले नववीत गेली की ते पाकीट टाचणवहीसोबत नव्या वर्गशिक्षकांच्या हाती द्यावे.